मोडीत निघालेला हिवाळा

फांदीला टांगलेला स्वेटर

दिवाळी सरली की मैदानाकडेच्या बाभळीला, शाळेच्या फाटकाला, कुणाच्याही कुंपणाच्या तारेला स्वेटर लटकू लागत. घरून निघताना आईनं गळ्यापर्यंत बटणं लावून दिलेली असत. पहिला डाव रंगायच्या आत ती सुटलेली असत. दिवेलागणीला जो हाती लागेल तो अंगात चढवायचा आणि घर गाठायचं. दुसऱ्या दिवशी दोन घरांत मुकाट्यानं अदलाबदल.

आता स्वेटर अंगावरच राहतो. कानटोपी कानांवर, मोजे पायांत आणि मूल गॅलरीत. ‘थंडी बाधेल’ एवढं कारण पुरतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तिशीला टेकतो. फिनलंड-नॉर्वेतल्या बालवाड्या पारा शून्याखाली गेलेला असताना मुलांना रोज बाहेर काढतात. सर्दी होते विषाणूंनी, आणि दारं-खिडक्या लावून एका खोलीत कोंबलेल्या वीस मुलांमध्ये ते मैदानापेक्षा कितीतरी सहज पसरतात. दम्याच्या मुलाला गार, कोरड्या हवेत जपावं लागतं, ते वेगळं. बाकीची मुलं पळू लागली की दहा मिनिटांत त्यांना उकडायला लागतं. स्वेटर कधी काढायचा हे मुलाला कळतं. तो काढू देणारं कुणी जवळ नसतं.

तीन तास

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी; तीन-चार वर्षांच्यांनी त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. पडद्यासमोर बसणं दोन ते चार वर्षांच्यांसाठी तासाभराच्या आत.

आता हे तीन तास आपल्या मुलखात काढायचे कधी? चैत्र-वैशाखात विदर्भात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा दुपारी मोठी माणसंही बाहेर पडत नाहीत. आषाढ-श्रावणात कोकणात अंगण म्हणजे ओढा. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ तेवढा असा, की जमीन कोरडी पण अजून भेगाळलेली नाही, ऊन अंगावर घेता येतं, आणि झाडाखाली रोज काही ना काही पडलेलं सापडतं. दोन-तीन वर्षांच्या पोराला दिवसभर बाहेर सोडता येईल असे चार महिने. नेमके तेच आपण मुलं आत घेण्यात घालवतो. त्यात जे जे गेलं त्याची ही यादी, खेळांची कमी आणि सुट्या, फुकटच्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंची जास्त आहे. खेळ पुस्तकांत राहिले आहेत. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशात आट्यापाट्यांपासून विटीदांडूपर्यंत सगळं नियमांसकट सापडेल. फांदी, माती आणि रिकामी दुपार मात्र त्यात मिळणार नाही.

सावली

शिवणापाणीचाच एक प्रकार. ज्याच्यावर राज्य त्यानं दुसऱ्याच्या अंगाला नाही, सावलीला पाय लावायचा. सावली वाचवायची तर भिंतीच्या सावलीत घुसायचं, पण तिथं दहा अंक मोजेपर्यंतच थांबायचं. तीन वर्षांचं मूलही हा खेळ खेळू शकतं. मोठ्यांपेक्षा जास्त वेळ खेळतं, कारण सावली आपल्याला सोडत नाही ही गोष्ट त्याला अजून नवी असते.

हा खेळ हिवाळ्याचाच, आणि त्याला कारण आहे. मे महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य पुण्यात भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. तीन फुटांच्या मुलाची सावली मध्यान्हीला पावणेतीन फुटांची, आणि सकाळी साडेआठला नऊ फुटांहून लांब. एवढी मोठी सावली वाचवत पळायचं म्हणजे पायांइतकाच डोक्यालाही व्यायाम. वळायचं कुठे, सूर्य कुठल्या बाजूला, भिंत किती लांब, हे सगळं पळता पळता.

घरोघरी सांगतात की बाळाला कोवळ्या उन्हात धरावं, ड जीवनसत्त्व मिळतं. कोवळं ऊन ऊब देतं, ड फारसं देत नाही. सूर्य तिरपा असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात आणि ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड तयार होतं ते बहुतांशी वाटेतच शोषले जातात. सावली आखूड असते तेव्हाचं ऊन त्या कामाचं, म्हणजे हिवाळ्यात साधारण साडेदहा-अकरा ते दोन. बंद काचेतून आलेल्या उन्हाचा तर त्यासाठी उपयोगच नाही. काच ते किरण अडवते. सरकत्या काचांच्या गॅलरीत दुपटं अंथरून बाळाला ऊन देणाऱ्या आजीला हे कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तरी तिच्याकडे दुसरं अंगण नसतं.

सकाळची हवा

ही गोष्ट गेली, आणि तिच्या जाण्याबद्दल मी मुलांच्या आईबापांना दोष देत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. धूर, धूळ वर चढत नाही, खालीच साचून राहते. ऊन तापलं की थर मोडतो. खेड्यात हा साचलेला थर म्हणजे चुलींचा निळसर धूर आणि धुकं. मुंबईत तो बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेला बांधकामांच्या जागी पत्रे किती उंच लावायचे, पाणी कसं मारायचं याची नियमावली काढावी लागली.

तेव्हा शहरातल्या लहान मुलाला पहाटे फिरायला नेण्यापेक्षा साडेदहाला बाहेर सोडणं शहाणपणाचं. थर मोडलेला असतो, ऊन कामाचं असतं, सावली खेळायला अजून पुरेशी लांब असते. मग साडेदहाला मूल कुठे असतं? वर्गात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या शाळा नवाच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मुलांची झोप होत नाही हे त्यामागचं कारण होतं, आणि ते खरंच होतं. पण झोप वाचवताना दिवसातले हे दोन तास छताखाली गेले. एखाद्या बालवाडीनं हिवाळ्यापुरती साडेदहा ते साडेबाराची वेळ मैदानाला दिली, आणि बैठं काम नऊला उरकलं, तर तिला एक रुपयाही खर्च येणार नाही. पालक विचारतील, लिहायला कधी शिकवणार?

माती, किल्ल्याची

यादीत सर्वांत जड वस्तू. सहामाही परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी ती आणायला जायचं. कुणाच्या बांधकामावरची, कुणाच्या परसातली, ओढ्याकाठची. घमेलं मिळालं तर ठीक, नाहीतर जुनी बादली, नाहीतर दोघांनी टोकं धरलेलं पोतं. विटा, दगड रचून वर गोणपाट टाकायचं, त्यावर कालवलेला चिखल थापायचा. लाल माती असेल तर नशीब. काळी सुकताना तडकते आणि बुरूज दुसऱ्या दिवशी उघडा पडतो. हे कुणी शिकवत नसे. बुरूज पडला की कळायचं.

मग अळीव पेरायचे. मोहरीही चाले, पण उतारावर मोहरी घरंगळते. अळिवाच्या दाण्याला पाणी लागलं की भोवती चिकट थर येतो आणि तो उभ्या कड्यालाही धरून बसतो. तिसऱ्या दिवशी कोंब, लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा. रोज सकाळी उठून आधी किल्ल्याकडे. पाणी किती घालायचं, याचा हात बसेपर्यंत एखादी दिवाळी वाया जायची. जास्त घातलं की तटबंदी ओघळायची. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या नळीचं कारंजं, आरशाच्या तुकड्याचं तळं, काडेपेटीच्या पायऱ्या. कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे, त्यांतला एखादा दरवर्षी हात मोडलेला, तरी पहाऱ्याला उभा.

दोन-अडीच वर्षांच्या भावंडाचं काम ठरलेलं, चिखल तुडवणं. किल्ल्याच्या सगळ्या कामात याहून आनंदाचं काम नाही, आणि मोठे ते त्याला उदारपणे देऊन टाकत. गार चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर येतो तेव्हा मूल काय शिकतं, याची मोठी नावं आता बालविकासाच्या पुस्तकांत आहेत. तोल, स्पर्श, जोर किती लावायचा याचा अंदाज. तेव्हा त्याला ‘बरबटला’ एवढाच शब्द होता आणि तो ओरडून वापरत.

फिनलंडमधला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या काही बालवाड्यांच्या खडीच्या आवारात जंगलातली माती-पाचोळ्याची जमीन आणि हिरवळ आणून टाकली. तीन ते पाच वर्षांची मुलं रोज तिच्यात खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, आणि रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या घटकांचा रक्तातला तोल सुधारलेला दिसला. मुलं थोडी होती, ७५, आणि काळ लहान. एवढ्यावरून मातीला औषध म्हणायला नको. पण आपण नेमकं उलट करतो आहोत. सोसायटीच्या आवारात उरलेला मातीचा शेवटचा पट्टा पेव्हर ब्लॉकखाली घालतो आणि मग दिवाळीत प्लास्टरचा तयार किल्ला, बुरूज-दरवाजासकट, रंगवलेला, गाडीतून घरी आणतो. तो दोन मिनिटांत मांडून होतो. पाणी घालायचं नसतं. पुढल्या वर्षी माळ्यावरून काढायचा.

माती नाहीच म्हणून असं होतं, हे मान्य. पण माती विकत मिळते, प्लास्टरच्या किल्ल्याहून स्वस्त. कमी पडते ती धुवायची तयारी.

बिट्ट्या, चिंचोके, सागरगोटे

पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या गेल्या हे बरंच झालं. बी विषारी असतं आणि लहानांचा हात तोंडातच जातो. गुंजांचंही तेच. चिंचोके आणि सागरगोटे जायला नको होते.

बोरं, पडलेली

विकतची नव्हेत. विकतची अजून आहेत, लिंबाएवढी, गुळगुळीत, चवीला पाणी. पडलेली म्हणजे शाळेच्या वाटेवरच्या बोरीखालची, मण्याएवढी, अर्धी आंबट, अर्धी किडकी. पहिला दगड कुणी मारायचा, पडल्यावर काट्यांतून हात कसा घालायचा, किडकं कोणतं हे न फोडता कसं ओळखायचं. खिशात भरताना फ्रॉकला खिसा नसलेल्या पोरींनी ओच्यात घ्यायची. झाडाचा मालक असे, आणि तो ओरडेही. तो ओरडणं हा हंगामाचाच भाग होता.

बोरन्हाण त्यातूनच आलं असावं असं मला वाटतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओतायचे. शेतात, झाडाखाली त्या महिन्यात जे जे तयार असतं ते सगळं. आजूबाजूची पोरं झडप घालून लुटतात. पूर्वी हे अंगणात होई, ओसरीवर होई. शेंगा मातीत घरंगळत जात, त्यांच्यामागे रांगतं पोरही जाई, आणि पाटावरचं उत्सवमूर्ती बाळ आपलं सिंहासन सोडून त्यांच्यात सामील होई.

आता हॉल. मागे फुग्यांची कमान, त्यावर बाळाचं नाव. वरून पडतात गोळ्या-चॉकलेटं, आणि बोरं ‘प्रतीक म्हणून’ चार. फोटो नीट यावा म्हणून मुलांना लुटायच्या आधी थांबायला सांगतात. लूट थांबवता येत नाही, म्हणून निदान तेवढं टिकलं आहे.

एक गोष्ट मात्र आजींनीही ऐकावी. शेंगदाणा, हरभरा, बोराची बी, गोळी, यांतलं काहीही चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. ओता सगळं, पण रांगत्याच्या मुठीत काय आहे ते बघायला एक माणूस नेमा.

सुगडं

संक्रांतीचं वाण देऊन झालं की रिकामी सुगडं भातुकलीत यायची. तीन खडे म्हणजे चूल, कुसळीच्या गवताची भाजी, मातीचा भात. आता सुगडं पूजेच्या दुकानात रंगवून, टिकल्या लावून मिळतात आणि पूजेनंतर ती खेळायला देववत नाहीत.

शेकोटी

शेकोटीबद्दल हळवं व्हायची फार सवय आहे आपल्याला. धूर लहान फुप्फुसांना वाईट, आणि आमच्या शेकोट्यांत सायकलची फाटकी टायरंही जळत. ती गेली तर जाऊ दे. शेकोटीच्या आधीचा तास मात्र गेला, पाचोळा आणि काटक्या गोळा करायचा. ओली कोणती, वाळकी कोणती, चटकन पेटणारी कोणती. लहानांनी मुठीमुठीनं आणायचं, मोठ्यांनी रचायचं. तेवढं अजूनही करता येईल. पेटवलंच पाहिजे असं नाही.

पाखरं हाकणं

रब्बीच्या ज्वारीत दाणा भरू लागला की शेतात मचाण उभं राही. वर गोफण घेऊन आजोबा किंवा मोठा भाऊ, खाली पत्र्याचा डबा बडवत लहान. याला काम म्हणत, पण डबा बडवायची परवानगी असलेलं काम कुठल्या मुलाला नको? दुपारी आगटीत कणसं भाजून हातावर चोळायची, तोंडात टाकायचा तो हुरडा. ज्वारीची जागा उसानं, कांद्यानं घेतली तशी मचाणं कमी झाली. शहराजवळच्या शेतांत हुरडा पार्टीचं तिकीट मिळतं. त्यात झोका, बैलगाडीची फेरी आणि सोललेला, वाटीत वाढलेला हुरडा असतो.

फिरकी धरणारा

पतंग उडवायचा मोठ्यांनी. चार-पाच वर्षांच्याकडे फिरकी. येवल्यात तिला आसारी म्हणतात, आणि तिथं संक्रांतीचे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. फिरकी धरणाऱ्याला दोनच सूचना, ढील म्हटलं की सोड, आणि मध्ये बोलू नकोस. पण त्याची नजर दिवसभर कुठे असते? दोनशे, तीनशे फुटांवर, आभाळात, एका ठिपक्यावर.

लहान मुलांची जवळची नजर शाबूत आणि लांबची अंधूक होण्याचं प्रमाण जगभर वाढलं आहे, पूर्व आशियात सर्वांत जास्त. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या वेळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढून पाहिलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती. ज्या शाळांनी काहीच बदललं नाही तिथल्या ३९.५ टक्क्यांना. हे निकाल २०१५चे. तैवाननं २०१० पासूनच शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रम हाती घेतला होता. लांब बघण्यापेक्षाही उजेडाचा यात मोठा वाटा आहे असं संशोधकांना वाटतं. खोलीत उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन पाझरतं आणि ते नेत्रगोलाची लांबी भलती वाढू देत नाही, असा तर्क आहे. म्हणजे उन्हात बसवायचीही गरज नाही. बाहेर असलं की पुरे.

नायलॉनच्या मांज्यानं पतंगाला बदनाम केलं. माणसांचे गळे कापले, पक्ष्यांचे पंख गेले. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत तो सापडतो. लहान मुलाला गच्चीवर न नेणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. मोकळ्या माळावर साध्या दोऱ्याचा पतंग कुणालाही कापत नाही, आणि कुणाला काटतही नाही. काटाकाटीशिवाय पतंग कसला, असं मोठे म्हणतील. फिरकी धरणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही.

खरचटलेला गुडघा

थंडीत कातडी कोरडी, म्हणून जखम जास्त चुरचुरते. त्यावर दगडीपाल्याचा रस. पावसानंतर तो मैदानाच्या कडेला उगवलेलाच असे, आणि चार पानं चोळून लावायची विद्या सात वर्षांच्या डॉक्टरकडे असे. डॉक्टरी उपाय म्हणून त्याची शिफारस करणार नाही. स्वच्छ पाण्यानं धुणं त्याहून बरं. पण पडल्यावर आईकडे धावत जायच्या आधी काहीतरी आपलं आपण करायचं असतं, हे त्यात होतं. आता खेळायच्या जागी रबराची लादी अंथरलेली असते. पडलं तरी काही होत नाही, म्हणून पडायचं कसं हेही कुणाला येत नाही.

कच्चं लिंबू

माझ्या मते या यादीतली सर्वांत मौल्यवान वस्तू, आणि ती वस्तू नव्हे.

प्रत्येक टोळीत एक-दोन असत, तीन-चार वर्षांचे, कुणाची तरी धाकटी भावंडं. घरी ठेवता येत नाहीत म्हणून आणलेली. त्यांना खेळात घ्यायचं, पण त्यांच्यावर राज्य येणार नाही. लपंडावात सापडले तरी सापडले नाहीत. लगोरीचा चेंडू त्यांना जोरात मारायचा नाही. विटीदांडूत त्यांना तीन टोले जास्त. दांडूच्या मापात वकट, लेंड, मुंड, नाल हे त्यांनी नुसतं ओरडायचं, मोजायचं दुसऱ्यानं. लंगडीत दोन्ही पाय टेकले तरी चालतील. आट्यापाट्यांत ते कुठल्याच पाटीवर नसत आणि सगळ्याच पाट्यांवर असत.

पंच नाही, नियमपुस्तक नाही, तरी सगळ्यांना हे मान्य. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जोर आवरायला लागे. पूर्ण ताकदीनं फेकलेला चेंडू ऐन वेळी हलका करायचा, हे कौशल्य कुठल्याही शिबिरात शिकवत नाहीत. आणि लिंबाला काय मिळे? वर्षभर कडेनं, मध्येमध्ये लुडबुडत सगळा खेळ बघायला मिळे. कुठे पळायचं, कधी थांबायचं, चिडल्यावर काय करायचं, डाव सोडून जाणाऱ्याचं काय होतं. मग एखाद्या दिवशी तो स्वतःच सांगे, मी आता कच्चा नाही. त्या संध्याकाळी त्याच्यावर पहिलं राज्य येई, आणि बहुतेक तो रडे.

हे हिवाळ्यातच जास्त घडे, कारण दिवाळीच्या सुटीत गावी आलेली मामे-आते-चुलत भावंडं, शाळेत जाणारी-न जाणारी, सगळी एका अंगणात असत. आता मुलं वयाप्रमाणे वाटली आहेत. नर्सरीत तीन वर्षांची फक्त तीन वर्षांच्यांबरोबर, ज्युनिअर केजीत चारची चारांबरोबर, क्रिकेटच्या क्लासला सहाच्या वरची. सगळी एकाच वकुबाची असली की कुणी कच्चं लिंबू उरत नाही. सांभाळून घ्यायला बाईंनी, नाहीतर सरांनी यायचं. घरात दुसरं भावंडही बहुधा नसतं. खेळगटांची गर्दी बघितली की वाटतं, मुलांना सोबत भरपूर आहे. फक्त सगळी एकाच उंचीची.

कुरणशाळा

ही खरोखरच होऊन गेली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असत. मग शाळाच कुरणात गेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांना परकी होती. त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पानं आली. मोजायला बिया, वर्गवारीला पानं, आकार शिकायला दगड. गुरं नजरेसमोर.

त्या दोघींनी जे गरिबीतून, नाइलाजानं उभं केलं ते पुढे बालशिक्षणात आदर्श ठरलं. आज शहरात ‘निसर्गशाळा’ म्हणून तेच भरपूर फी घेऊन विकतात, आणि कोसबाडचं नाव घेत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेला खेळाचं मैदान असलं पाहिजे असं लिहून ठेवलं. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. ज्यांना मैदानाची सर्वांत जास्त गरज ती सहाच्या आतली त्यात नाहीत. त्यांची नर्सरी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भरली तरी कुणी हरकत घेत नाही.

कोपीपुढची जागा

ही नाहीशी झालेली नाही, तरी यादीत घेतो, कारण तिच्याशिवाय ही यादी खोटी ठरेल.

साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आपला सगळा हिवाळा. बीड, जालन्याकडची कुटुंबं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात आणि कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात. त्यांच्या लहान मुलांना वर लिहिलेलं जवळजवळ सगळं मिळतं. माती आहे, दिवसभर ऊन आहे, लांबच लांब सावल्या आहेत, क्षितिजापर्यंत नजर जाते. सगळ्या वयांची पोरं एकत्र असतात. उसाच्या कांड्यांची बैलगाडी, वाढ्यांचं घर, पाचटात लपंडाव. गुडघे खरचटलेले. थंडी बाधेल म्हणून कुणी आत बोलवत नाही, आणि स्वेटरही नाही.

सहा वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर उभी असते. आईबाप पहाटेपासून तोडीला. तिच्यावर राज्य आहे, आणि ते उतरत नाही. बाहेर असण्याचे फायदे सांगणाऱ्या लेखांना, या लेखालाही, ही मुलगी दिसली पाहिजे. नुसतं आभाळ पुरत नाही. पोटभर जेवण लागतं, जवळपास कुणी मोठं लागतं, आणि कंटाळा आल्यावर परत जायला घर लागतं.

तिच्यासारख्यांसाठी साखरशाळा निघाल्या. काही चालल्या, काही बंद पडल्या. सहाच्या आतल्यांची सोय त्यांतही क्वचितच. गावाकडच्या अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत त्या धाकट्याच्या नावापुढे कार्तिकापासून ‘स्थलांतरित’ असं लिहिलेलं असतं. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, कुटुंब परतलं की पुढचं वजन चैत्रात होतं.